मखमलीची उलटी घडी

आमच्या स्वयंपाकघरात मी गेली कित्येक वर्षं राजा आहे. हसायचं काम नाही. धंद्यानं मी प्लंबर. लोकांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करतो, गळके नळ बदलतो, आणि संध्याकाळी घरी येऊन हात धुतले की बायको म्हणते, “अहो, चढा स्टुलावर.” मी चढतो. खांद्यावर कधी राजाचा झगा येतो, कधी सेनापतीचा. अंगभर टाचण्या असतात आणि वर दम, “एवढा मोठा श्वास घेऊ नका हो!”

ही एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळते. बेतते, शिवते, उसवते, रफू करते, इस्त्री करते आणि नटांना ओरडते. टेलरमास्तर बाई निघाली म्हणून तिथं सगळे तिला मास्तरबाई म्हणतात. कंपनीतले सर्वांत जुने नट म्हणजे महाराज. खरं नाव त्यांच्या घरच्यांच्याही लक्षात असेल की नाही देव जाणे. जन्मभर राजाच्या भूमिका केल्या, म्हणून महाराज. त्यांचे आणि माझे खांदे अगदी सारखे. चेहऱ्याचं विचारू नका, पण खांदे सारखे. त्यामुळे त्यांचा प्रत्येक झगा आधी माझ्या अंगावर उभा राहतो.

बायकोबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गरीब गाय वगैरे ती मुळीच नाही. राग नाकावर आणि स्वतःच्या शिवणीचा अभिमान त्याच्याही वर. तिचा एक नियम आहे, आणि तो मोडायची कंपनीत कुणाची टाप नाही. प्रयोग संपला की झगा खुर्चीवर फेकायचा नाही, जमिनीवर तर नाहीच नाही. ज्यानं घातला त्यानंच घडी घालायची, आणि तीही उलटी, अस्तर बाहेर आणि मखमल आत, म्हणजे लव मोडत नाही. मग ती घडी दोन्ही हातांनी तिच्या हातात द्यायची. मोठमोठे नट ताठ मानेनं स्टेजवरून येतात आणि विंगेत गुपचूप घडी घालत उभे राहतात. मला ते बघायला फार आवडतं.

तर यंदाचं नवं नाटक. म्हातारा राजा, शेवटी राज्य सोडून जातो, असं काहीसं. भूमिका अर्थातच महाराजांची. हिनं गर्द तांबड्या मखमलीचा झगा बेतला, बिनबाह्यांचा, खांद्यापासून टाचेपर्यंत लोळणारा. चालताना घेर नीट पडावा म्हणून खाली वजन हवं होतं, तर माझ्या हत्यारांच्या पेटीतले शिशाचे तुकडे पळवून काठात शिवले. मी बोंब मारली. तिनं ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

एका संध्याकाळी मी स्टुलावर उभा, झगा अंगावर, आणि उजवा हात सहज आत गेला तर कुठंतरी अडकला. आतून अस्तराला एक पिशवी शिवलेली. पिशवी कसली, कोपरापर्यंतची आंधळी बाहीच. हात आत घातला की घट्ट धरला जात होता. जरा हलवावा म्हटलं तर हलेना.

“अगं, हे काय शिवलंयस?”

“काही नाही. उतरा खाली.”

“काही नाही कसं? हात अडकला ना माझा!”

तिनं शिवणयंत्र थांबवलं. दार लोटून घेतलं. मग म्हणाली, “कुणाला बोललात तर बघा.”

गोष्ट अशी होती. कपडेपटात शेवटचं माप घेताना महाराजांनी चहाची कपबशी उचलली आणि बशी वाजायला लागली. थांबेचना. उजवा हात नुसता थरथरत होता. हिनं कप त्यांच्या हातातून काढून घेतला. महाराज स्टुलावर बसले. म्हणाले, “बाई, औषध चालू आहे, पण हा काही बरा व्हायचा नाही म्हणतात. कुणाला कळलं तर उद्या भूमिका दुसऱ्याला देतील. या नाटकात उभं राहू दे मला. तेवढं पांघरूण घाला.” आणि हिनं शब्द दिला.

म्हणून ती आंधळी बाही. हात आत धरलेला, वरून मखमलीचा घेर. बघणाऱ्याला वाटावं, राजाच तो, झगा सावरून उभा आहे. मी पुन्हा हात घालून पाहिला. खरं सांगतो, नळाला इतकं चपखल कपलिंग मीसुद्धा कधी बसवलं नाही. माझी छाती अशी फुगली की एक टाचणी कचकन टोचली.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि नवी दिग्दर्शिका आली. तरतरीत बाई, कामाची पक्की, उगाच खोट काढणार नाही मी. तिच्या अंगावरचा करडा कोट हिनंच मागे कधीतरी शिवून दिलेला, आणि तो तिला असा शोभायचा की रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. पण पहिल्या तालमीलाच ती म्हणाली, “मास्तरबाई, झगा सुंदर आहे, पण मला नकोय. राजा साधा हवा. एक सदरा, बस.”

ही म्हणाली, “झगा राहणार.”

“का पण?”

आता काय सांगणार? खरं सांगावं तर महाराजांच्या पोटावर पाय. हिला खोटं बोलता येत नाही, जन्मात आलं नाही. एवढंच म्हणाली, “मी शिवलाय म्हणून.”

झालं! कंपनीत तेवढंच निमित्त हवं होतं. मास्तरबाईंना म्हणे स्वतःच्या झग्याचा मोह सुटत नाही. म्हणे नाटक गेलं खड्ड्यात, यांची मखमल दिसली पाहिजे. कुणी तर म्हणालं, वय झालं की माणूस हट्टी होतो. प्रकाशयोजना करणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे, त्यांच्याकडचा गीझर मीच बसवलाय. तेही मला बाजूला घेऊन म्हणाले, “जरा समजवा हो वहिनींना.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन मी तिला म्हटलं, “सांगून टाक ना एकदाचं! तुझ्या नावाला बट्टा लागतोय आणि तू मूग गिळून बसलीयस!”

“लागू दे.”

“आणि ते महाराज? समोर उभे असतात ना? ऐकतात ना सगळं?”

“त्यांनी बोलायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. माझा शब्द माझा आहे.”

आणि काठाला टाके घालायला लागली. जी बाई एका वाकड्या काजासाठी अख्ख्या कंपनीला धारेवर धरते, तिला बोल लागत होते आणि ती शांत. मला कौतुक वाटत होतं आणि रागही येत होता, एकाच वेळी.

शेवटी दिग्दर्शिकेनं मधला मार्ग काढला. झगा राहू दे, पण शेवटच्या प्रवेशात राजा राज्य सोडतो, तेव्हा तो सगळ्यांसमोर उतरवून जमिनीवर टाकायचा. क्षणभर नुसत्या सदऱ्यात उभं राहायचं, मग अंधार.

जमिनीवर! मला वाटलं आता भूकंप होणार. पण ही म्हणाली, “चालेल.” नियमाचं दुःख नंतर. आधी प्रश्न हा, की गळ्याचा आकडा थरथरत्या हातानं निघणार कसा, आणि झगा पडल्यावर हात ठेवायचा कुठं?

मग आमच्या स्वयंपाकघरात नाटकाच्या वेगळ्या तालमी सुरू झाल्या. राजा मी. हिनं आकडा काढून रेशमी दोरी लावली, तिला सुरगाठ. डाव्या हातानं टोक ओढलं की झगा सर्रकन खाली, आंधळी बाहीही हातावरून निसटायची. सदऱ्यावर रुंद कमरपट्टा शिवला आणि त्याला आतून एक फट ठेवली. झगा पडला रे पडला की उजवा अंगठा त्या फटीत अडकवायचा, हात जागच्या जागी. मी ओढायचा, झगा पडायचा, मी अंगठा खोचायचा. पुन्हा. पुन्हा. एकदा काठातलं शिसं माझ्या पायाच्या करंगळीवर आपटलं आणि राजाच्या तोंडून जे शब्द निघाले ते शेजारच्या काकूंनी भिंतीपलीकडून ऐकले.

महाराजही एकदा घरी आले. त्यांना दोन-चार वेळा करून दाखवलं, त्यांनाही जमलं. निघताना दारात थांबले आणि म्हणाले, “बाई, कंपनीत तुम्हाला काय काय बोलतात, ऐकतो मी.”

“मला काही ऐकू येत नाही हल्ली,” ही म्हणाली. “वय झालंय ना.”

पहिल्या प्रयोगाला मी विंगेत होतो. ट्रंका उचलायला म्हणून मला आत सोडतात. माझ्या एका बाजूला ही, गळ्यात टेप, ओठात दोन टाचण्या. दुसऱ्या बाजूला दिग्दर्शिका, करड्या कोटात, नखं खात. थिएटर गच्च भरलेलं. महाराज असे काही उभे राहिले की काय सांगू! हात झग्याच्या आत, मान ताठ, घेर टाचेमागे सळसळतोय. मी मनात म्हटलं, शिसं माझं आहे हो, माझं!

शेवटचा प्रवेश आला. महाराजांनी डाव्या हातानं दोरीचं टोक ओढलं. सुरगाठ सुटली. झगा खांद्यावरून घसरला, आणि त्यांनी तो पडू दिला नाही. मधेच धरला, दोन्ही हातांनी.

“अंगठा,” ही माझ्या कानाशी कुजबुजली. “अंगठा खोचा ना, महाराज.”

त्यांनी नाही खोचला. उजवा हात भर उजेडात आला. थरथरत होता, वाऱ्यात पान हलावं तसा. आणि त्या हातानं महाराज झग्याची घडी घालायला लागले. उलटी, अस्तर बाहेर, मखमल आत. काठाला शिसं, जड कापड. एकदा टोक निसटलं, त्यांनी वाकून पुन्हा उचललं. खांद्याला खांदा जुळवला. अस्तर वर आलं तसं आमच्या विंगेच्या बाजूनं ती आंधळी बाही स्पष्ट दिसली. दिग्दर्शिकेनं नखं खायची थांबवली.

अख्ख्या थिएटरात कुणी खोकलंसुद्धा नाही. राज्य सोडून चाललेला एक म्हातारा आपला झगा घडी करून ठेवत होता, आणि त्याला घाई नव्हती. मला वाटतं, त्या हातावरून कुणाची नजर हलली नसेल. माझी तरी नाही हलली.

घडी झाली. ती दोन्ही हातांवर घेऊन महाराज चालत आमच्याकडे आले आणि हिच्यासमोर उभे राहिले. मागे अंधार झाला. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि त्या थांबायचं नाव घेईनात.

“जमली का बाई?” महाराजांनी विचारलं.

हिनं ओठातल्या टाचण्या काढल्या. घडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. “डावा कोपरा चुकलाय,” म्हणाली, आणि घळाघळा रडायला लागली. लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला चारचौघांत रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“लोक तुम्हाला बोलत होते आणि मी तुमच्या झग्यात हात लपवून ऐकत होतो,” महाराज म्हणाले. “आता भूमिका गेली तर गेली. लाज वाटायला लागली होती मला.” आणि टाळ्या घ्यायला परत स्टेजवर गेले. तसाच हात घेऊन.

दिग्दर्शिका पुढं आली. डोळे तिचेही भरलेले. आधी म्हणाली, “भूमिका त्यांचीच आहे. घडीही रोज अशीच घालायची.” मग हिच्याकडे वळली. जरा दुखावलेलीच वाटली मला. “मास्तरबाई, मला एकटीला तरी सांगायचं. मी एवढं बोलले तुम्हाला. मी काय दवंडी पिटली असती?”

हिनं पदरानं नाक पुसलं. आवाज अगदी हळू केला, पण मी शेजारीच होतो.

“तुमचा हा कोट अंगावर इतका सरळ का बसतो,” ती म्हणाली, “ते मी आजवर कुणाला सांगितलंय?”

दिग्दर्शिकेचा हात आपोआप स्वतःच्या डाव्या खांद्याकडे गेला आणि तिथंच राहिला. मग तिनं वाकून हिच्या हातातला तो झगा घेतला आणि चुकलेला डावा कोपरा नीट केला.

त्या कोटात काय आहे, मला माहीत नाही. तो तर बाईमाणसाचा, माझ्या अंगावर कधी चढला नव्हता. परवा न राहवून मी विचारलं. ही म्हणाली, “अहो, चढा स्टुलावर.”

मी चढलो.