चिंच अन् घुंगरं
सून चिंचेनं पितळी तांब्या घासाया बसली की मी उठून अंगणात जाते. त्या वासासरशी माहूरच्या जत्रंतली आमची राहुटी डोळ्यापुढं येती. मी तवा तमाशाच्या फडात नाचायची. दुपारचा खेळ हुता, कापड तापलं हुतं. माज्या पायात घुंगरं बांधून झालती. एकदा बांधली की खेळ संपंस्तोवर सोडायची न्हाईत, ही फडाची रीत. धाकटी बहीण कोपऱ्यात लुगडं नेसत हुती. तेवढ्यात एक दारूडा मागचं कापड फाडून आत शिरला अन् तिची वेणी धरून वढाया लागला. "चल गं, जीप उभी हाय!" ती भुईला बसली अन् वरडली, "अक्का!" तिला वढाया तो खाली वाकला. मी भुईला पाठ टेकून दोन्ही पाय त्याच्या तोंडावर घातले. तो पडल्यावरबी थांबले न्हाई. हाड मोडल्यालं घुंगरांच्या आवाजात ऐकू आलं. ढोलकीवाल्यानं त्याला फरफटत भाइर नेलं. मालकीण आली, माज्या पायावरचं रगात बघितलं अन् म्हणली, "सोडू नको. लोकं बसलेत." मी तशीच नाचले. खेळ झाल्यावर बहिणीनं माजी घुंगरं चिंचेनं घासली. एकात अडकल्याला दाताचा तुकडा तिनं सुईनं काढला. "अक्का, ह्याचं काय करू?" "चुलीत टाक, अन् भाकर खा." तिनं दोन भाकरी खाल्ल्या. आता ती लातुरात नातवंडं खेळवती, चिंचेचं सार भुरकून पिती. मला न्हाई जात.