चार पॉइंट सहाचा गेन

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे घरचे मला वर्षानुवर्षं सांगत आलेत. वर्गात मात्र त्याचंच कौतुक व्हायचं. सरांचे टोमणे म्हणजे फुल टाइमपास, असं मुलं म्हणतात ते माझ्या कानावर यायचं आणि मी मनातून खूश व्हायचो.

कल्याणच्या पुढे एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचं स्मॉल-सिग्नल ॲनालिसिस हा माझा हातखंडा विषय. ट्रान्झिस्टर तसा वाकड्या चालीचा. पण सिग्नल अगदी बारीक, चार-दोन मिलिव्होल्टचा दिला, तर तेवढ्यापुरता तो सरळ वागतो असं धरता येतं. सर्किटमधला कपॅसिटर म्हणजे त्या सिग्नलसाठी नुसती तार, असंही धरायचं. मग दोन ओळींत गेन निघतो, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होईल तो आकडा. आमच्या लॅबमधल्या सर्किटचा गेन एकशे पंचेचाळीसच्या आसपास येतो. फळ्यावर मी हे झोपेतसुद्धा करू शकतो.

प्रॅक्टिकलला तोच गेन मोजायचा, जर्नलमध्ये लिहायचा आणि माझी सही घ्यायची. सही नाही तर टर्मवर्क नाही, आणि टर्मवर्क नाही तर परीक्षा नाही. काही वर्षांपूर्वी सबमिशनच्या आदल्या दिवशी मी वीस जणांची जर्नल्स तपासत होतो. एकोणीस जर्नल्समध्ये गेन एकशे चाळीसच्या आगेमागे होता. विसाव्यात होता चार पॉइंट सहा.

ते जर्नल दिव्याहून लोकलने येणाऱ्या एका मुलीचं होतं. गप्प असायची, मागच्या बाकावर बसायची. ज्या सकाळी त्यांच्याकडे पाण्याचा टँकर यायचा त्या सकाळी तिला उशीर व्हायचा, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं.

"याला गेन म्हणतात?" मी जर्नल उंच धरून विचारलं.

"सर, तीनदा घेतलं रीडिंग. तेवढंच येतंय."

"मग बाकीच्यांना कसं आलं? का दिव्यात पाण्यासारखा गेनपण येत नाही?"

सगळी बॅच खदखदून हसली. मीही हसलो. ती हसली नाही, रडलीही नाही. नुसतं जर्नल परत घ्यायला हात पुढे केला.

"उद्या नीट करून आण. नाहीतर सही विसर."

बॅच गेल्यावर मी तिने वापरलेलं सर्किटचं किट पुढ्यात ओढलं. तिची चूक शोधून दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दाखवायची, अशी खुमखुमी होती मला. सिग्नल दिला, मोजला. चार पॉइंट सहा. जोडण्या तपासल्या, पुन्हा मोजला. चार पॉइंट सहा.

एमिटरवरचा कपॅसिटर पडून पडून आतून वाळला होता. ज्याला मी तार धरत होतो, तो तिथे असून नसल्यासारखा होता. तो नसला की गेन पडून साडेचारच्या घरात येतो, हे मी दरवर्षी शिकवतो, परीक्षेत विचारतोसुद्धा. तिचा आकडा बघताक्षणी मला कळायला हवं होतं. नवा कपॅसिटर टाकला आणि गेन एकशे अडतीस आला. मग लॅबमधली बाकीची तीन किट्स काढली. तिन्हींचे कपॅसिटर मेलेले.

म्हणजे एकोणीस जणांनी मोजलंच नव्हतं. सिनियरच्या जर्नलमधून उतरवलं होतं, आणि मी डोळे झाकून सह्या ठोकल्या होत्या. किती वर्षं, देव जाणे. अख्ख्या बॅचमध्ये एकीनेच काम केलं होतं आणि तिचंच मी हसं केलं होतं.

सकाळी ती आली. पान नवं होतं, अक्षर सुरेख, आलेख गुळगुळीत. गेन: एकशे बेचाळीस. आदल्या दिवसापासून ती किटपाशी फिरकलीच नव्हती, हे मला माहीत होतं. मी फक्त एवढंच म्हणायला हवं होतं की कालचं तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. पण मग एकोणीस सह्या खोडाव्या लागल्या असत्या, विभागप्रमुखांना सांगावं लागलं असतं, आणि कालची हसलेली बॅच माझ्याकडे बघत राहिली असती. मी घाबरलो. मी सही केली. वर म्हणालो, "बघ, नीट केलं की येतं."

"हो सर," ती म्हणाली.

त्या वाक्याची मला आजही लाज वाटते. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. त्यानंतर तिने कुठलंच रीडिंग तीनदा घेतलेलं मी पाहिलं नाही. तिचे सगळे आकडे बरोबर यायला लागले. पास होऊन ती गेली.

उरलेल्या तिन्ही किट्सचे कपॅसिटरही मी गुपचूप बदलून टाकले. आता चारही चांगली चालतात. कुणाला एकशे अडतीस यावा, कुणाला एकशे तीस. पण यंदा जर्नल्स उघडली तर पहिल्यात एकशे बेचाळीस, दुसऱ्यात एकशे बेचाळीस, तिसऱ्यातही तेच.

"हे मोजलंस तू?" पहिलं जर्नल जिचं होतं तिला मी विचारलं. आवाज चढवला नाही. आताशा चढत नाही.

तिने बॅगेतून एक जुनं जर्नल काढून माझ्यापुढे ठेवलं. ते सुरेख अक्षर मी लगेच ओळखलं.

"सर, या ताईंचंच बरोबर आहे ना? खाली तुमची सही आहे."