रखमाजी मास्तरांचा बाजारातला वाद

रखमाजी मास्तर केदारखेड्यात कॅथलिक मिशनची शाळा चालवीत, पण त्यांचा जीव खरा रमे तो वादात. टेंभुर्णीच्या बाजारात मिरच्यांच्या ढिगांपलीकडे ते दर आठवड्याला भुजंगरावांशी भिडत. भुजंगराव त्यांच्याच गावचे, प्रॉटेस्टंट मंडळीचे, म्हणजे चर्चचे, उपदेशक. दोघंही एकाच वाटेनं सायकलवर जात, मात्र फर्लांगभर अंतर राखून.

"तुमच्या हातातलं बायबल इतकी शतकं कोणी जपलं? आमच्या मंडळीनं! आन् तुम्हाला उपदेशाचा अधिकार कोणी दिला?" मास्तर गरजत. मिरच्यावाल्यांना पोप कोण हे ठाऊक नव्हतं, पण मास्तरांचा आवाज चढला की ते तराजू खाली ठेवत. आपल्या तर्कापायीच गर्दी जमते, अशी मास्तरांची प्रामाणिक समजूत होती.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात, लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर, त्यांना मुलगी झाली. रविवारी जालन्याहून फादर येऊन तिला बाप्तिस्मा देणार होते. पोर सहा दिवसांची असताना बाजार आला. "पोरीचं अंग तापून राह्यलंय. आज नका जाऊ," बायको तुळजाबाई म्हणाली. पण त्या दिवशी वाद नेमका बाप्तिस्म्यावर ठरला होता. मास्तर गेले.

भुजंगराव काही आले नाहीत. मास्तरांनी तासभर दोन्ही बाजू एकट्यानंच मांडल्या. भुजंगरावांची बाजू मास्तरांच्या पुस्तकात जेवढी छापली होती, तेवढीच मांडली आणि सहज हरवली. मग "पळाला!" असं जाहीर करून ते खुशीत परतले.

घरी दारात भुजंगरावांची सायकल उभी होती. आत पोर आईच्या मांडीवर दूध पीत होती. सुईण दुर्गाबाईनं घडलेलं सांगितलं. मास्तर निघून घटकाही झाली नव्हती, तोच पोरीला झटके आले, ओठ निळे पडले. वाटेनं निघालेले भुजंगराव दुर्गाबाईची हाक ऐकून आत धावले आणि त्यांनी पोरीचा बाप्तिस्मा केला. पुढं झटके थांबले, तरी ते दिवसभर हलले नव्हते.

मास्तरांनी पोरीला छातीशी धरलं. पोर सुखरूप आहे याची खात्री पटली आणि लगेच त्यांची मान ताठ झाली. ह्या माणसाच्या हातचा बाप्तिस्मा, आपल्या पोरीला?

"पाणी डोक्यावरून वाहिलं?" त्यांनी फौजदाराच्या थाटात विचारलं.

"वाहिलं," भुजंगराव म्हणाले.

"शब्द?"

"बापाच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं. पाणी ओतता ओतताच."

"आन् मनात काय होतं?"

"तुमची मंडळी करते, तेच बराबर करायचं होतं."

एखादी तरी चूक निघावी म्हणून मास्तरांनी दुर्गाबाईलाही विचारून पाहिलं. चूक निघेना. मरणाच्या दारी कोणीही योग्य शब्दांनी आणि योग्य हेतूनं पाणी घातलं तर बाप्तिस्मा लागू होतो आणि तो पुन्हा करता येत नाही, हे नऊ वर्षं बाजारात ओरडून सांगणारे ते स्वतःच होते.

"लागू हाय," मास्तर कसंबसं म्हणाले. "फादर बाकीचे विधी करतील. पाणी पुन्हा पडणार न्हाई. पण भुजंगराव, तुमच्यात तर अशी घाई लागत न्हाई ना?"

"बिलकुल न्हाई. बिनपाण्याचं लेकरू गेलं तरी देव त्याला घेतो, असं आम्ही मानतो. उलट मी हे केलं म्हणून आमची मंडळी मला जाब विचारील."

"मंग कशाला केलं?"

"पोर तशीच गेली असती, तर तुमच्या मतानं ती तुम्हाला वरतीसुद्धा भेटली नसती. तुम्ही जन्मभर झुरला असता." भुजंगराव चपला घालू लागले. "नऊ वर्षं तुमचं ऐकून राह्यलो, मास्तर. एवढं तर ध्यानात ऱ्हाईलच की."

नऊ वर्षांत आपण ह्या माणसाचं एक वाक्यही पुरतं ऐकून घेतलं नाही, हे मास्तरांना कळलं, आणि पोरीला उराशी धरून ते सगळ्यांदेखत रडले.