फणसाच्या चौकटीतलं विश्व: रत्नागिरी ते पुणे, एस.टी.ने

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू आधी सांगतो: आंबे उतरवायचा झेला, विहिरीवरचा रहाट, शाळेची दुर्बीण (भिंगही मीच घासलं) आणि एक विश्व. विश्व वीस काचांचं आहे, चौकट फणसाची. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. बाकीचं मी पाहून आणि मोडून शिकलो.

विश्वाचं काम शेजारच्या आपट्यांच्या सुलभामुळे आलं. ती पुण्यात संशोधन करते. दीर्घिका कशा गोळा होतात याचं गणित परदेशातल्या सुपरकॉम्प्युटरवर झालं आणि आकडे टेपवरून तिच्याकडे आले. "काका, कागदावर काढलं की सगळे ठिपके एकमेकांवर पडतात. मध्ये मोठी पोकळी आहे, पण ती कुणालाच दिसत नाही." सोमवारी तपासणीला मंडळी येणार होती. त्यांनाही दिसली नाही, तर तिचं काम बंद.

मी एकेका थराचे ठिपके एकेका काचेवर दिले आणि काचा फणसाच्या पेटीत अंतराने उभ्या केल्या. मागे दिवा. काच आधी राखेने घासा, नाहीतर शाई ओघळते.

रविवारी सकाळची पुण्याची गाडी धरली. जाणार असाल तर पुढची जागा घ्या, मागे हाडं खिळखिळी होतात. धूळ नको म्हणून पेटीवर धुतलेलं उपरणं टाकून ती मांडीवर घेतली होती. माघी गणपती तोंडावर आलेला. हातखंब्याला चढलेल्या म्हातारीने चपला काढल्या आणि पेटीला हात जोडले.

"आजी, काचा आहेत. तारे आहेत आत."

"असूं दे हो. झाकलेल्या देवाचं कोण सांगतंय?"

पेटी टपावर टाका म्हणणारा कंडक्टर आता ड्रायव्हरला म्हणाला, "दादा, सांभाळून. देव हाय गाडीत." आंबा घाट आम्ही बैलगाडीच्या वेगाने चढलो. मागचा प्रवासी पुटपुटला, "पुण्याला गणपती मिळत नाहीत काय?" घाटाआधी साखरप्याला वडा-उसळ खाल्ली होती. वडा बरा, उसळीत पाणी जास्त. पुण्यात पेटी उघडली. एकही काच तडकली नव्हती.

सोमवारी खोलीत अंधार करून दिवा लावला. मंडळींतले वयस्कर गृहस्थ पेटीभोवती दोनदा फिरले. "इथे मध्ये काहीच नाही?"

"काहीच नाही, सर," सुलभा म्हणाली. "तेच तर सांगत होते."

तिचं काम चालू राहिलं.

घरी परतलो तर दगडी गडग्यापलीकडे आपटे उभेच. "लेकीचं झालं ते कळलं. तुला काय मिळालं की नाही?"

मिळत होतं. प्रदर्शनं भरवणारे एक गृहस्थ तिथे आले होते. त्यांना अशीच पेटी हवी होती, फक्त पोकळी भरून. एवढी मोकळी जागा पाहून लोक काम अर्धवट राहिलं म्हणतील, असं त्यांचं मत. मी म्हटलं, भरतो, तिथले आकडे द्या. ते म्हणाले, आकडे कशाला, अंदाजाने टाका. मी नाही म्हटलं. पाच हजार रुपये देत होते.