बेनकोमोनं फसवलेले दोघे

नॉर्बर्ट शिबिल्स्कीला मिलवॉकीत कुणी ओळखत नव्हतं, आणि त्याचं त्याला भारी सुख होतं. अडतीस वर्षं या गावानं बेसबॉलचा उंच उडालेला एकूणएक चेंडू त्याच्या हातांनी पाहिला. पण सोफ्यावर पाय ताणून, बिअरची बाटली हलवत "गेला, गेला, गेला!" म्हणून बोंबलणाऱ्या मंडळींच्या डोक्यात कधी आलं नाही, की चेंडू टीव्हीच्या मधोमध राहतो तो काही आपोआप राहत नाही. कुणीतरी तिथे तो धरून ठेवतं. त्याची बायको आर्लीन म्हणायची, "तुझं काम नीट झालं की कुणाला तू आठवत नाहीस, आणि चुकलं की अख्ख्या राज्याला आठवतोस."

"मग नको ना आठवू देऊस. वाढ जेवायला," एवढंच नॉर्ब म्हणायचा.

त्याची जागा होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, पाठीमागे, पाचव्या मजल्यावर. एक अरुंद सज्जा, त्यावर कॅमेरा दोन आणि कॅमेऱ्यामागे उंच स्टूल. बॅटरनं चेंडू उडवला की खाली प्रक्षेपणाच्या ट्रकमध्ये बसलेली दिग्दर्शिका "घेतला दोन!" म्हणते, कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागतो, घरोघरी त्याचंच चित्र दिसायला लागतं, आणि पुढचे पाच-सहा सेकंद सगळं नॉर्बच्या हातात. हेडफोनचा उजवा कान तो झाकायचा, डावा मोकळा ठेवायचा. बॅटचा आवाज ऐकायला. पोकळ आवाज आला तर चेंडू जवळच पडणार, कडक आला तर लांब. असलं काही कुठल्या शाळेत शिकवत नाहीत हो.

नवीन पोरं यायची ती हमखास एकच चूक करायची. चेंडू उडाला रे उडाला, की त्याच्या मागे आकाशात. कॅमेरा भिंतीपलीकडे, प्रेक्षकांत, आणि चेंडू आपला पिचरच्या डोक्यावर, चौघांपैकी कुणी झेलायचा म्हणून भांडण चाललेलं. मग नॉर्बचा पारा चढायचा. "अरे शहाण्या, चेंडू काय बघतोस? चेंडू थापा मारतो! त्या लांबच्या गड्याचे पाय बघ. तो पळतोय का मागे? उभा आहे का? पुढे येतोय का? त्याला जेवढं कळतं तेवढं तुला सात जन्मांत कळायचं नाही."

ही शिकवण ऐकलेली जोलीन व्हँडरहाइडन आता दिग्दर्शिका होती. तेवीस वर्षांपूर्वी ती केबल ओढायला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं केबल उलटी गुंडाळली म्हणून नॉर्बनं तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. दुपारी मग स्वतःच्या सॉसेज-पावातला अर्धा तोडून दिला होता. तेव्हापासून ती त्याची, आणि तो तिचा. तिला मुलगी झाली तेव्हा आर्लीन आठवडाभर तिच्याकडे राहायला होती.

आता जे सांगतो, ते त्या रविवारपर्यंत फक्त नॉर्बला ठाऊक होतं. बायकोलासुद्धा नाही.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून नॉर्बला चेंडू दिसत नव्हता.

आंधळा झाला नव्हता तो. माणसं दिसायची, गवत दिसायचं. पण दोन्ही डोळ्यांच्या ऐन मध्यावर एक डाग आला होता, काचेवर बोट लागल्यासारखा. लहान, पांढरं, वेगात जाणारं जे काही असेल ते त्यात गडप व्हायचं. आता बेसबॉलच्या चेंडूइतकं लहान, पांढरं आणि वेगात जाणारं दुसरं असतं तरी काय? डॉक्टरनं तपासलं, मान हलवली, म्हणाला, आहे तेवढं जपू या, गेलेलं परत येणार नाही. नॉर्ब घरी आला आणि आर्लीनला म्हणाला, "दात दाखवून आलो."

आणि दुसऱ्या दिवशी स्टुलावर जाऊन बसला. करणार काय होता? ही कॅमेरावाली मंडळी काही पगारी नोकर नव्हेत. सामन्यापुरतं बोलावणं येतं, आणि एके दिवशी यायचं थांबतं. कुणी निरोपाचा केकसुद्धा कापत नाही. नॉर्बला पैशांची तेवढी फिकीर नव्हती. पण ते स्टूल गेलं की उरणार कोण, हे त्याला सांगता आलं नसतं. छत्तीस वर्षं लोकांना जे बजावलं, त्याच्याच जिवावर त्यानं दोन मोसम काढले. पाय बघितले. आवाज ऐकला. होम रन असेल, म्हणजे चेंडू थेट भिंतीपलीकडे जाणार असेल, तर भिंतीमागची माणसं कुठल्या रांगेपासून उठतायत ते बघितलं. कुणाला म्हणून संशय आला नाही. उलट जोलीन म्हणायची, "नॉर्ब, म्हातारपणी तुझा हात लोण्यासारखा झालाय."

सामन्याआधी ट्रकमागे शीप्सहेडचा डाव बसायचा, तिथे तेवढी पंचाईत व्हायची. नॉर्ब पत्ते नाकाला लावायचा. रीप्लेवाला डिमेट्रिअस मोठा टवाळ. "काय रे नॉर्ब, राणी बघतोयस की तिचा वास घेतोयस?"

"तुझ्या हातात राहून राहून तिला वास यायला लागलाय," नॉर्ब म्हणायचा. सगळे हसायचे, आणि वेळ निभावून जायची.

तर तो सप्टेंबरअखेरचा रविवार. मोसमाचा शेवटचा सामना. आपला संघ जिंकला तर पुढच्या फेरीत, हरला तर चला घरी. दुपारी एकला सुरू झाला. पार्किंगमध्ये सकाळपासून शेगड्या पेटलेल्या, चाळीस हजार माणसं पोटभर खाऊनपिऊन आत आलेली. आठव्या डावापर्यंत आपण एका धावेनं मागे.

आठव्या डावात पहिल्या बेसवर, म्हणजे एका धावेसाठी गाठायच्या चार थांब्यांपैकी पहिल्यावर, आपला टकर लिंडाल उभा होता. बावीस वर्षांचा, गोरापान, संघात येऊन महिना झालेला. समोर उजव्या कोपऱ्यात पाहुण्यांचा यूलिसेस बेनकोमो. हा बेनकोमो सदतीस वर्षांचा, गुडघे गेलेले, पण इतका बेरकी, की त्याच्याशी हस्तांदोलन केल्यावर बोटं मोजून घ्यावीत.

बॅटरनं चेंडू हाणला. आवाज कडक आला. "घेतला दोन!" लाल दिवा लागला. नॉर्बनं कॅमेरा उजवीकडे नेला आणि बेनकोमोचे पाय शोधले.

बेनकोमो उभा होता. पळत नव्हता. दोन पावलं आरामात मागे आला, बाजारात निघालेला माणूस येतो तसा, आणि त्यानं हातमोजा वर धरला. झेल अगदी सोपा. खाली लिंडालनंही तेच पाहिलं आणि तो रस्त्यातच थांबला. झेल घेतला गेला तर पहिल्या बेसवर परतायला नको का! नॉर्बनं हलकेच कॅमेरा जवळ नेला. बेनकोमोचा हातमोजा, चेहरा, टोपी, एवढंच पडद्यावर. लोणी!

आणि चेंडू त्या लबाडाच्या डोक्यावरून वीस फूट उंच निघून मागच्या भिंतीवर आदळला.

भिंतीमागची माणसं केव्हाच उठली होती. पण नॉर्बनं तिकडे बघितलंच नाही. त्यानं बेनकोमोवर विश्वास ठेवला. चार लाख घरांत एक माणूस हातमोजा वर धरून गालात हसत उभा होता आणि त्या हातमोज्यात काहीही येत नव्हतं.

"दोन, चेंडू कुठाय? दोन! नॉर्ब! पाच घ्या, पाच घ्या!" जोलीन ओरडली आणि तिनं बाजूच्या कॅमेरा पाचचं चित्र घेतलं.

ज्यानं धावत सुटून होम प्लेट गाठून धाव काढायला हवी होती, तो लिंडाल धडपडत कसाबसा दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. पुढचे बॅटर बाद झाले आणि तो तिथेच राहिला. बरोबरीची धाव हातातून गेली. चाळीस हजार लोकांनी त्या पोराचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही.

ट्रकमध्ये मात्र हसू फुटलं होतं. डिमेट्रिअस म्हणाला, "अडतीस वर्षांत पहिल्यांदा! नॉर्ब, लिंडालला फसवलं ते ठीक, तुलापण? पाज बेनकोमोला एक बिअर!" सगळे हसले. नॉर्बही हसला. सुटलो, त्याच्या मनात आलं. कुणीही फसलं असतं.

मग कानात खटका वाजला. जोलीननं बाकीच्यांना बंद करून फक्त त्याच्याशी बोलायची कळ दाबली होती.

"नॉर्ब."

"बोल."

"चेंडू लिंडालच्या पाठीमागून गेला. तुझ्या समोरून." जोलीन म्हणाली. "तुला चेंडू दिसला नाही ना?"

खोटं बोलायला दोन सेकंद होते, आणि ते त्यानं घालवले.

"नाही दिसला," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीचा मे."

मग जाहिराती संपल्याची हाक आली, खटका वाजला आणि जोलीनचा नेहमीचा करडा आवाज सगळ्यांच्या कानांत घुमला. सामना काही कुणासाठी थांबत नाही.

नवव्या डावात आपली शेवटची पाळी. दोघं बेसवर, दोघं बाद, तिसरा बाद झाला की संपलं, आणि बॅटवर प्रूइट. दणकट गडी. आता जे व्हायचं ते याच्या बॅटवर. असा फटका म्हणजे कॅमेरा दोनचा. त्यासाठीच तर ते स्टूल. नॉर्बनं कळ दाबली.

"जोलीन, यानं मारला तर माझ्याकडे येऊ नकोस. पाच घे."

"नॉर्ब..."

"मी सांगतोय ना! अख्खं गाव बघतंय. मला तो दिसणार नाहीये, समजलीस? पाच घे."

असं वाक्य कुठल्याही कॅमेरावाल्यानं कधी उच्चारलं नसेल. अहो, आपला लाल दिवा दुसऱ्याला देणं म्हणजे भुकेल्यानं ताट सरकवणं आहे.

"बरं," जोलीन म्हणाली. "मग तू काय करणार?"

"चेंडू सोडून बाकी सगळं दिसतं मला. बघतो काहीतरी."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं बॅटरकडे पाठ फिरवली, म्हणजे कॅमेऱ्याची. आपल्या संघाच्या बाकाकडे भिंग नेलं. सगळे खेळाडू कठड्याला लटकले होते. मागे टोकाला एकटा लिंडाल. डोक्यावर टॉवेल, कोपरं गुडघ्यांवर. नॉर्बनं त्याला पडदाभर मोठं केलं. एवढं मोठं असलं की त्याला दिसायचं, अगदी स्वच्छ. पोराचा ओठ थरथरत होता.

मोकळ्या डाव्या कानात आवाज आला. कडक.

"घेतला पाच! पाच, धर त्याला, धर..."

चाळीस हजार माणसं एकदम उठल्याचा आवाज नॉर्बनं ऐकला. हात शिवशिवले. त्यानं मान वळवली नाही. पडद्यावर लिंडालनं टॉवेल खाली ओढला. तो वर बघत होता, त्याला तो चेंडू दिसत होता, आणि तो कुठवर गेला हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आधी तोंड उघडं पडलं. मग डोळे मोठे झाले. मग त्यानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि लहान मुलासारखा ढसाढसा रडायला लागला, आणि पुढून कुणीतरी धावत येऊन त्याला कमरेत धरून उचललं.

"दोन!" जोलीन ओरडली. "अरे देवा, दोन बघा! घेतला दोन! सोडू नकोस त्याला, नॉर्ब!"

लाल दिवा लागला. आपण जिंकलो होतो, प्रूइट मैदानात नाचत होता, फटाके उडत होते, आणि चार लाख घरांत तो एकटा पोरगा रडत होता. जोलीननं पूर्ण अकरा सेकंद तेच ठेवलं. समालोचक दोघे गप्प बसले, हेही नवलच.

सामना संपल्या संपल्या दिग्दर्शक ट्रक सोडत नाहीत, पण जोलीन पाच मजले चढून आली. नॉर्ब कॅमेऱ्यावर कापड घालत होता. ती पायरीवर बसली, धापा टाकत.

"गेल्या जुलैतला तो होम रन," ती म्हणाली, "तो अंधारात दिव्यांच्याही वर गेला होता बघ. माझ्या आयुष्यात तसं चित्र मला कुणी दिलेलं नाही. तो तुला दिसला नव्हता?"

"नाही. लोक उभे राहताना दिसले. तिसऱ्या रांगेपासून सुरुवात झाली, मग वरच्या उठल्या. म्हटलं, तिथेच चाललाय."

जोलीननं तोंडावर हात धरला. हसत होती की रडत होती, सांगता यायचं नाही. "गाढवा," ती म्हणाली. "सांगायचं नाहीस मला?"

"तू मला काढलं असतंस."

"काढलंच असतं."

"मग? मूर्ख आहे का मी सांगायला?"

दोघंही हसली. खाली माळी गवतावर पाणी मारायला लागले होते.

"आर्लीनला ठाऊक आहे?" तिनं विचारलं.

नॉर्बनं नाही म्हणून मान हलवली. मग खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली, आणि जराशी तिच्या दिशेनं धरली.

"चालव तू," तो म्हणाला. "आणि घरात ये माझ्याबरोबर. एकट्याला जमायचं नाही मला."