तीन बोटांची मूठ

सायमी केटोलाने एकतीस वर्षं गावच्या सहकारी बेकरीत पीठ मळलं. साठाव्या वर्षी ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही बाई खिडकीत बसून मोजे विणणार. ती लागली रिव्हॉल्व्हरच्या मुठी कोरायला.

लाकूड तिच्या हाताला नवीन नव्हतं. अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या काठी, फिनलंडहून आलेल्यांच्या वस्तीत तिचे वडील बर्च लाकडाच्या स्की बनवायचे. रंध्याखालच्या ढलप्या झाडता झाडता पोरीला लाकडाचा कल कळायला लागला होता. बंदुकांशी मात्र तिचं देणंघेणं नव्हतं. एकदा तिचा दीर, गेलेल्या नवऱ्याचा भाऊ, शिकारीचं मोठं रिव्हॉल्व्हर घेऊन आला. मूठ तडकली होती, जरा चिकटवून दे म्हणाला. त्याने ते रिकामं करून टेबलावरच्या फडक्यावर ठेवलं आणि सायमी कॉफी ओतायची विसरली.

निळसर काळं पोलाद, जवळजवळ वीतभर नळी, गोळ्यांच्या चकरीवरच्या गुळगुळीत खाचा, घोड्याचा मागे झुकलेला बाक. उचललं तर चांगलं जड, पण वजन नेमकं तळहातात येऊन बसणारं. वडिलांच्या हत्यारांत एक जुना रंधा होता, त्याची तिला आठवण झाली. आणि अशा देखण्या वस्तूला मूठ कसली, तर काळ्या प्लॅस्टिकची.

"नवरीच्या पायात गमबूट घातलेत रे कुणी," ती दिराला म्हणाली.

तिने मेपलची मूठ करून दिली. लाकडावर वाघाच्या पट्ट्यांसारख्या रेषा होत्या. त्या पोलादाशेजारी अशा उठून दिसल्या, की दिराने महिनाभर ते रिव्हॉल्व्हर येईल त्याला दाखवलं. मग पंचक्रोशीतले शिकारी तिच्या दारी यायला लागले. माप घ्यायची तिची रीत बेकरीतली. घट्ट भिजवलेल्या पिठाचा गोळा हातात द्यायचा आणि आवळ म्हणायचं. बोटं उमटली की झालं.

आर्वो हिएताला आला तो सप्टेंबरात. तो आणि सायमी एकाच शाळेत शिकलेले. पुढे तो लोहखनिजाच्या मालगाडीवर लागला आणि दोन डबे जोडताना उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गमावून बसला. त्याने पिठाचा गोळा आवळला, तर तीनच बोटं उमटली.

त्याचं रिव्हॉल्व्हर आठ वर्षांपूर्वी घेतलेलं, आणि आठ वर्षांत त्याने ते बारा वेळासुद्धा झाडलं नव्हतं. दर रविवारी पेटीतून काढायचं, तेलाच्या फडक्याने पुसायचं, उजेडात फिरवून बघायचं आणि परत ठेवायचं. धक्का बसला की दोन बोटांच्या जागेतून ते निसटायचं. लोक विकून टाक म्हणायचे.

"मग रायफल घेऊन जा ना," सायमी म्हणाली.

"माझ्या घरामागची सीडरच्या दाट झाडांची दलदल बघितलीयस तू? तिथं माणूस आडवा होऊन घुसतो. रायफलची नळी प्रत्येक फांदीला नमस्कार करत जाते, आणि तोंडात बर्फ भरून घेते ते वेगळंच. हे कसं, छातीवर पट्ट्यात बसतं. दोन्ही हात मोकळे." मग जरा थांबून तो म्हणाला, "आणि दिसतं पण छान. खोटं कशाला बोलू."

सायमीला हे शेवटचं कारण फार आवडलं.

पहिली मूठ तिने अक्रोडाची केली. गेलेल्या दोन बोटांची जागा भरून काढायची म्हणून खालून चांगली जाड. चौथ्या दिवशी आर्वो टोपी भुवयांपर्यंत ओढून आला. टोपीखाली टेंगूळ होतं.

"दार लागलं," तो म्हणाला.

"दाराला नळी होती वाटतं."

तो हसला, ती हसली, पण रात्रभर तिला ते टेंगूळ खुपत राहिलं. सकाळी तिने त्याला फोन करून सांगितलं, की खडीच्या खाणीवर चल, मला ते स्वतः झाडून बघायचंय. त्रेसष्ट वर्षांची बाई, आयुष्यात चाप ओढलेला नाही. आर्वोने तिच्या डोक्यावर कान गच्च बंद करणारी टोपणं चढवली, दोन्ही हातांनी धरायला शिकवलं आणि एकच गोळी भरून दिली.

धडाका झाला. नळी आभाळाकडे गेली. सायमी दोन पावलं मागे सरकली, रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत सुटली. आर्वो घाबरून लागलं का विचारत होता.

"अरे वेड्या, हे मागं येतच नाही. हे गिरकी घेतं. मी जाड मुठीने त्याला अडवत होते. त्याला फिरू द्यायला पाहिजे."

तिच्या परसातलं जुनं सफरचंदाचं झाड मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने मोडलं होतं. त्याचं तांबूस, दाणेदार लाकूड तिने जपून ठेवलं होतं. या वेळी मूठ खाली बारीक केली, पाठ गोल ठेवली आणि मधल्या बोटासाठी वर एक खोलगट घर कोरलं. धक्का बसला की मूठ तळहातात गोल सरकेल, पण सुटणार नाही. दोनदा ती खाणीवर गेली, दोनदा कानशीने केसभर घासलं. तिसऱ्या खेपेला आर्वोने वीस पावलांवरच्या डब्यात पाचातल्या पाच गोळ्या घातल्या आणि जाऊन डब्याची भोकं बोटाने मोजली.

पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला. दुपारी आर्वो तिच्या दारात उभा. गुडघ्यापर्यंत चिखल, दाढीत सीडरची पानं, चेहरा उजळलेला. त्याने बूट काढले आणि उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. फांद्यांखालून सरपटत तो दलदलीच्या मध्यावर पोचला, तर समोर पंधरा पावलांवर सहा टोकांच्या शिंगांचा नर, सीडरचा पाला खात उभा. रायफल असती तर वळवताच आली नसती. त्याने छातीवरून रिव्हॉल्व्हर सावकाश उपसलं, मनगट बुंध्याला टेकवलं. एक गोळी. नर तीस पावलं गेला आणि पडला.

"हातातून हललंसुद्धा नाही, सायमी," तो तीनदा म्हणाला.

त्याने हरणाची कलेजी आणली होती. सायमीने ती कांद्यावर परतली आणि दोघांनी वेलचीच्या पावाबरोबर तवा पुसून खाल्ली. शनिवारी त्याने तिला आपल्या सौनात, वाफेच्या न्हाणीत, बोलावलं, पुढच्या शनिवारी तिने त्याला. गावात कुजबुज झाली. सायमीने ती मजेत ऐकली.

पुढच्या वर्षी तिने शिकारीचा परवाना काढला. आर्वोने त्याच्यासारखंच एक रिव्हॉल्व्हर तिच्यासाठी शोधून आणलं. तिच्या लहान हाताला मूठ अर्थातच तिने स्वतः केली, आणि दलदलीच्या कडेला एका ओंडक्यावर जाऊन बसली. नवाच्या सुमारास दोन माद्या आल्या. परवान्यात माद्याही बसत होत्या. त्या तिच्यासमोर अर्धा तास चरल्या आणि निघून गेल्या. सायमीने पट्ट्याचं बटणसुद्धा उघडलं नाही.

"का गं?" आर्वोने विचारलं.

"बघत बसले," ती म्हणाली. "उद्या परत येऊ या."