तीनदा बंद केलेली ओळ

अमावास्येला नवी स्कूटर घरी आणणारी बाई आहे मी. कोणी "मला एकदा असा अनुभव आला" म्हणून सुरू केलं की मी उठून कामाला लागते. तरी हे लिहितेय, कारण दोन महिने डोक्यात घेऊन फिरून आता दमले...

वय एक्कावन्न. अंबडला एका छोट्या कंपनीत नोकरी. धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. त्या नदीकाठी बसवतात. पेटीत छोटा कॉम्प्युटर असतो. त्याच्या प्रत्येक भागाला एक ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा छोटा प्रोग्राम लागतो, आणि कुठले ड्रायव्हर घ्यायचे याची यादी एका फाईलमध्ये असते. गोची अशी, की एक ड्रायव्हर दुसऱ्यावर अवलंबून असतो. खालचा बंद केला की वरचा गुपचूप यादीतून निघून जातो. एरर नाही, काही नाही.

म्हणून आमच्याकडे पद्धत होती — यादी दोघांनी वाचायची. मी नाव वाचायचे, समोर माझे सहकारी देवरे बसायचे. टेबलावर पेनाने एकदा टक् म्हणजे ठेवा, दोनदा म्हणजे काढा. "बोलून तोंड कशाला दमवू, मॅडम? घरी आहेच की ते काम," म्हणायचे. गेल्या वर्षी रिटायर होऊन सटाण्याला गावी गेले आणि दिवाळीनंतर अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

जूनमध्ये पेटीतल्या कॉम्प्युटरचं नवं बोर्ड आलं. इगतपुरीजवळच्या एका धरणाखाली गुरुवारी पेटी बसवायची, शुक्रवारी पाणी सुटणार. खालच्या वाडीतल्या बाया नदीतच धुणं धुतात, त्यामुळे तारीख पुढे ढकलायची सोय नव्हती. मी यादी एकटीनेच वाचली. माझी चूक.

त्यात एका जुन्या चिपचा ड्रायव्हर दिसला. नव्या बोर्डाच्या नकाशात ती चिप नव्हती. सोमवारी संध्याकाळी तो बंद केला आणि घरी गेले.

मंगळवारी सकाळी तो चालू.

"सोनाली, माझ्या फाईलला हात लावलास?" सोनाली माझ्या शेजारच्या टेबलावर असते.

"मला माझीच फाईल उघडायचा कंटाळा येतो, मॅडम."

कोणी काय बदललं याची नोंद राहते. नोंदीत फक्त माझं बंद करणं होतं. पुन्हा बंद केला. जेवून आले — चालू. दुसरा एखादा ड्रायव्हर त्याला जबरदस्तीने चालू करतोय का, तेही तपासलं. नाही. मग सोनालीला शेजारी उभं केलं, तिच्यासमोर तिसऱ्यांदा बंद केला, सेव्ह केलं, फाईल उघडली.

चालू.

"मी पाहिलं तुम्ही बंद केलेलं," ती म्हणाली. "पण पाहिलं नाही असंच समजा. मला एकटीला घरी जायचंय."

चार वाजले होते. डोकं दुखत होतं. राहू दे म्हटलं. एका जादा ड्रायव्हरने काही बिघडत नाही.

गुरुवारी नदीकाठी पेटी जोडताना बोर्ड उलटं केलं. ती चिप मागच्या बाजूला होती. नकाशात दाखवायची राहिली होती. भोंग्याची जोडणी तिच्यातूनच जात होती. ऑफिसात आम्ही भोंगा बोर्डाला न जोडता वेगळाच वाजवून बघतो, त्यामुळे तिथे काही कळलं नसतं. तो ड्रायव्हर बंद राहिला असता तर त्याच्यासोबत भोंग्याचाही गेला असता. गुपचूप.

बटण दाबलं. भोंगा दणकून वाजला. खाली खडकावर धुणं घेऊन बसलेली बाई ओरडली, "लय जोरात हाय वो! झोपलेलं पोर उठलं ना माझं!"

मी तिथेच दगडावर बसले.

परतीच्या वाटेवर देवरेवहिनींना फोन केला. का केला, सांगता येणार नाही. "तसंच शे सगळं, ताई," त्या आपल्या बोलीत म्हणाल्या. मग माझ्यासाठी मराठीत आल्या. "मंगळवारी मात्र उजवा हात हलला. दुपारी मी यांना भरवत होते, तर बोटानं ताटाच्या कडेवर टक्. चारच्या सुमाराला पलंगाच्या दांडीवर परत. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधीकधी."

"किती वेळा टक्?"

"एकेकदाच."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी कपडे वाळत घालत होते. बघितलं नाही."

रविवारी एसटीने सटाण्याला गेले. यादी छापून नेली होती. पलंगाशेजारी बसून एकेक नाव वाचायला लागले. देवरे छताकडे बघत होते. हात हलला नाही. ते नाव आलं तेव्हा मी जरा थांबले. तेव्हाही नाही.

"ताई, चहा थंडा व्हयी ऱ्हायना," वहिनी म्हणाल्या.

ऑफिसातला माझा कॉम्प्युटर बदलला, फाईल जपून ठेवलीय, तीत काही सापडलेलं नाही. आणि आता शोधायचा उत्साहही नाही. एवढंच, की यादी मी एकटी वाचत नाही. आता सोनाली वाचते आणि मी पेन घेऊन समोर बसते.

त्या रविवारी मात्र चहा तसाच ठेवला आणि शेवटच्या नावापर्यंत वाचलं. प्रत्येक नावानंतर, पूर्वीसारखंच, थोडं थांबून.